तबकातलं टोपण

दादाच्या छातीचे चारही आकडे मला आजही पाठ आहेत. तीन पॉइंट सहा, तीन पॉइंट एक, दोन पॉइंट सहा, दोन पॉइंट दोन. नळीत एका दमात जोरानं फुंकलं की माणसाच्या छातीतून किती लिटर हवा बाहेर येते, त्याचे हे आकडे. चार वर्षांचे चार. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण बहिणीला पाठ असणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि खरा पुरावा होता तो माझ्या हातून गेला. मशीन बिघडलं म्हणून गेला, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. मी तोंड उघडलं नाही म्हणून गेला.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. तळोज्याच्या काही कारखान्यांनी मिळून कामगारांसाठी एक आरोग्य केंद्र चालवलं होतं, तिथं मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. तो मराठवाड्यातल्या आमच्या गावातून आयटीआय करून आधी एकटा इकडे आला, रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका प्लँटमध्ये फिटर म्हणून लागला, आणि मग आईला आणि मला बेलापूरला घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. मला बारावी सायन्स करायला लावलं ते त्यानं, वाशीला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं तेही त्यानंच. माझी नोकरी लागली तेव्हा म्हणाला होता, "वास मी घेतो, तू एसीत बस." एसी माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. पण ते त्याला सांगून काय करायचं.

केंद्रात दर वर्षी प्रत्येक कामगाराची तपासणी व्हायची. वजन, रक्तदाब, डोळे आणि ती फुंकर. नर्स चिठ्ठीवर आकडे लिहायची, मी ते मशीनमध्ये भरायची. कपाटं कमी होती, म्हणून भरून झालेल्या चिठ्ठ्या तीन महिने ठेवून रद्दीत जात. कॉम्प्युटर आहे तर कागद कशाला, असं सगळ्यांनाच वाटायचं, मलाही वाटायचं. मला तर त्या मशीनचा भारी अभिमान होता.

ते मशीन कसं चालायचं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्या मागे मांडणीवर तीन डबे. एक लहान डिस्कचा, त्यात प्रोग्रॅम. एक मोठ्या डिस्कचा, त्यात सगळ्या कामगारांच्या नोंदी. तिसरा टेपचा, नोंदींची नक्कल उतरवून ठेवायला. तिघांना मिळून केबल एकच, तुकड्यातुकड्यांनी जोडलेली. कॉम्प्युटरमधून निघायची, एका डब्यात शिरायची, त्यातून निघून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. प्रत्येक डब्याला मागच्या बारक्या खटक्यांनी एक नंबर दिलेला. कॉम्प्युटर नंबर पुकारणार, ज्याचा नंबर त्यानं ओ द्यायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोघांना एकदमच बोलायचं असलं तर मोठ्या नंबराचा मान पहिला. आणि डिस्कला एखादी नोंद शोधायला वेळ लागणार असेल तर ती केबल अडवून बसत नसे. बाजूला व्हायची, दुसऱ्याला बोलू द्यायची, नोंद सापडली की परत येऊन आपली पाळी मागायची. माणसांच्या मीटिंगमध्ये मी इतकी शिस्त कधी पाहिलेली नाही.

आणि केबलच्या अगदी शेवटी, शेवटच्या डब्याच्या मोकळ्या भोकात, एक अंगठ्याएवढं टोपण. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर त्याला टर्मिनेटर म्हणायचा. बाकी काहीही विसर पण हे विसरू नकोस, असं त्यानं मला बजावलं होतं. टोपण शेवटाला असलं की केबलमधून आलेला संदेश तिथं मुरतो. नसलं तर तो टोकावर आपटून उलटा फिरतो, रिकाम्या टाकीत हाक मारल्यावर आपलाच आवाज परत यावा तसा, आणि पुढच्या संदेशात मिसळतो. मग डबे ऐकतात एक आणि लिहितात भलतंच. "गंमत म्हणजे," तो म्हणाला होता, "लगेच बंद पडणार नाही. चालतंय असंच वाटेल. म्हणूनच डेंजर."

हे मला ठाऊक होतं. अख्ख्या केंद्रात मला एकटीलाच ठाऊक होतं.

आता नारळाची गोष्ट. आदल्या वर्षी खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा झाली. ती दर वर्षी व्हायची. वजनकाट्यापासून ते निर्जंतुक करायच्या भांड्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. कॉम्प्युटर त्याच्या बराच आधी आला होता, पण त्याला पूजेत घेतलं ते पहिल्यांदाच. नारळ मशीनसमोरच फोडायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "इथं नको, पाणी उडेल आत." एवढंच. हेडक्लार्क हसत म्हणाले, "अहो, त्यांच्यात पूजा नसते ना. राहू दे, बाहेर फोडा." अगदी गोडीत म्हणाले. कुणी हसलं, कुणी खिडकीबाहेर पाहिलं. नारळ बाहेर फुटला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवताना नर्सनं, "चालतो ना तुम्हाला?" असं विचारलं.

आम्ही बौद्ध. हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, मी कधी लपवलं नाही. पण त्या दिवसापर्यंत मी कॉम्प्युटरवाली होते आणि त्या दिवसापासून "त्यांच्यातली" झाले. एका नारळाच्या पाण्यावरून. मी चिडकी आहे, घरी भांडी आपटते, पण कामाच्या जागी ते वर्षभर गिळलं. ठरवून टाकलं की पुन्हा पूजेच्या बाबतीत आपण एक अक्षर बोलायचं नाही.

दादाचे आकडे उतरत चालले होते ते तेव्हाच. केंद्राचे डॉक्टर भला माणूस. चौथा आकडा आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून म्हणाले, "तुझ्या भावाला त्या प्लँटमधून हलवायला हवं. आहे तिथंच राहिला तर कठीण आहे." दादाला दुसऱ्या खात्यात, वास नसलेल्या कामावर घ्यावं म्हणून डॉक्टरांनी कारखान्याला लिहिलं. कारखान्यानं तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीपुढे चार वर्षांचे आकडे ठेवायचे होते. एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, माणसाची छाती मुळातच लहान असू शकते. उतार दिसला पाहिजे. आणि तो उतार होता त्या मोठ्या डिस्कच्या डब्यात. समितीची तारीख पडली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

नोंदी वर्षावर्षाच्या वेगळ्या होत्या. एका माणसाची चार वर्षं एकाखाली एक छापायची तर सगळ्या नोंदी नव्यानं लावून परत लिहाव्या लागणार होत्या. तेवढ्यासाठी मी एक प्रोग्रॅम बसवला होता. तो चालवून, टेपवर नक्कल घेऊन, खंडेनवमीलाच कागद छापून ठेवायचा असं मी ठरवलं, कारण दसऱ्याला सुट्टी होती.

आमच्याकडे एक शिपाई होते, करावे गावचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं घर खाडीवर मासे धरणारं, पण ते स्वतः तरुणपणीच नोकरीत शिरले होते. पूजेची सगळी मांडामांड त्यांची. खंडेनवमीला सकाळी आले ते म्हणाले, "ताय, हे डबे मागं कोनाड्यात काय कामाचे? म्होरं मांडू. मोटा डबा मदी, बारके दोन बाजूंना. कसा शोभंल बग." मी मशीन बंद केलं, केबली सोडवल्या. मामांनी डबे फडक्यानं पुसून टेबलावर पाट ठेवून त्यावर मांडले. मोठा मधे, टेप डावीकडे, लहान डिस्क उजवीकडे. आधी टेप शेवटी होती, आता लहान डिस्क शेवटी आली. म्हणून टेपच्या मागचं टोपण मी काढलं, टेबलावर ठेवलं आणि केबली जोडायला वाकले. केबली जोडून झाल्या की ते लहान डिस्कच्या मागे लावायचं, एवढंच उरलं होतं.

मी वर पाहिलं तर टोपण टेबलावर नव्हतं. ते तबकात होतं. मामांनी तबकात स्टेथोस्कोप, कात्री, चिमटा मांडला होता, त्यांच्या शेजारी ते ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि वर झेंडूचं एक फूल. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "ह्यो बारका पन मशीनचाच हाय ना? मंग ह्याला कशाला इसराचा?"

मी बोलणार होते. तेवढ्यात हेडक्लार्क आत आले, टेबल पाहून म्हणाले, "वा! आता कुणी काही हलवू नका हं. पूजेला मांडलं की उद्यापर्यंत हलवायचं नाही." आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावरून गेली. कदाचित सहजच गेली असेल. माझ्या तोंडातले शब्द मी परत आत घेतले.

आरती झाली. माणसं पेढे घेऊन पांगली. खोलीत मी आणि मशीन. तबक समोरच होतं, हाताच्या अंतरावर. मी उचलू शकले असते. पण मनात आलं, कुणी आलं आणि मी तबकात हात घातलेला पाहिला तर? पूजेतली वस्तू उचलली, तीही हिनं. मग म्हटलं, बघू तर चालतंय का. मशीन चालू केलं. तिन्ही डब्यांनी आपापल्या नंबराला ओ दिली. पडद्यावर सगळं व्यवस्थित. इंजिनिअरचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं. एकदाच तर चालवायचंय, दोन तासांचं काम आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रोग्रॅम चालवला. नोंदी नव्या क्रमानं लागून डिस्कवर परत लिहिल्या गेल्या. कागद छापायच्या आधी टेपवर नक्कल घ्यायची हा माझाच नियम, म्हणून आमच्याकडच्या दोन टेपांपैकी एक लावली. शेवटी मशीननं चूक दाखवली. वाटलं, टेप जुनी झाली. दुसरी टेप लावली. तीत जुनी धड नक्कल होती. तिच्यावरच मी नवी लिहिली. तिनंही चूक दाखवली. तेव्हा कुठं मी तबकाकडे पाहिलं. मी मशीन बंद केलं आणि घरी गेले. दादाला म्हटलं, परवा सकाळी छापते. तो म्हणाला, "असू दे, दुपारपत्तोर येळ हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. मामांनी दसऱ्याला संध्याकाळी येऊनच पूजा उचलली होती आणि टोपण पुसून टेबलावर ठेवलं होतं. मी ते लावलं, मशीन चालू केलं. आता ते अगदी नीट वाचत होतं. जे बिघडून लिहिलं गेलं होतं, तेच नीट वाचत होतं. एकाच्या नावापुढे दुसऱ्याचं वजन, वयाच्या जागी अर्धी अक्षरं, पुढे पानंच्या पानं कचरा. दादाचं नाव सापडलं. त्याच्यापुढे काहीही नव्हतं. दोन्ही टेपा लावून पाहिल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुपारी डॉक्टर आणि दादा समितीपुढे गेले. त्या वर्षीची चिठ्ठी तेवढी नर्सच्या फायलीत सापडली होती. दोन पॉइंट दोन. एकटा आकडा. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं की चार वर्षं सतत उतरत आलाय. समितीनं विचारलं, लेखी आहे का? मी बाहेर बाकावर होते. मला आत घ्या, मला सगळे आकडे पाठ आहेत, असं मी दारावरच्या माणसाला सांगितलं. त्यानं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. तो नुसता हसला. समितीनं लिहिलं की छाती मुळातच अशक्त असावी, गावाकडच्या चुलीच्या धुराचाही परिणाम असू शकेल, आहे त्याच कामावर राहण्यास हरकत नाही. आमच्या घरात चूल आई फुंकायची. दादानं आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नव्हती.

चार दिवसांनी इंजिनिअर आला, सगळं तपासून म्हणाला की केबलचं एक टोक उघडं असताना लिहिलं गेलंय. हेडक्लार्क हळहळले. "पूजेच्याच दिवशी असं व्हावं," म्हणाले. त्यांना कळलंच नाही आणि मी कळू दिलं नाही. पण मामांना राहवलं नाही. मला गाठून त्यांनी विचारलं, "ताय, तो बारका व्हता, त्याचंच झालं काय?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. "अगो, मंग सांगाचा व्हता ना! मी लगेच उचलून दिला असता. फुलाचा काय, दुसरं वाहिला असता."

त्यांनी दिलं असतं. खरंच दिलं असतं, आणि हेडक्लार्कही कदाचित "घ्या, घ्या" म्हणाले असते. हे मी आजवर हजार वेळा मनात घडवून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी मी बोलते, प्रत्येक वेळी कुणीतरी टोपण माझ्या हातात देतं, आणि कुणाला काही वाटत नाही. आणि कधी कधी वाटतं की नाही, तसं झालं नसतं, पुन्हा कुणीतरी गोडीत काहीतरी म्हणालं असतं. म्हणालं असतं तर म्हणालं असतं. माझ्या भावाच्या छातीपुढे त्याची किंमत काय होती?

दादाला मी त्याच आठवड्यात सांगितलं. संध्याकाळी तो जिन्यात बसायचा, घरात कोंडल्यासारखं व्हायचं म्हणून. तोवर तीन मजले चढायला त्याला दोनदा थांबावं लागे. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. टोपण, तबक, नारळ, सगळं. तो मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं कठड्याला धरून दम घेतला. मग म्हणाला, "कशाला रडायलीस? मी बी तेच केलो."

मला कळेना.

"पहिल्याच वर्षी टाकीत उतरायचं काम दिले मला. आत वास. बाकीच्यांला मास्क होते, मला म्हनले पुढच्या म्हैन्यात येईल. मागावं वाटलं. मग म्हनलं, नको. नवा मानूस, त्यात आपल्यातला. म्हनतील, कोट्यातनं शिकून आला अन् आता नखरे करायला. दोन वर्सं मागितला नाही बग." मग म्हणाला, "आईला सांगू नको."

त्याला माझा राग आला नाही, हेच मला सोसवलं नाही. त्यानं मला एसीत बसवलं ते कशासाठी, तर मला असं गप्प बसावं लागू नये म्हणून. आणि मी थेट त्याचीच बहीण निघाले.

पुढच्या वर्षी तपासणीला त्याच्या प्लँटची पाळी आली. नर्सनं त्याच्या हातात नळी दिली. तो फुंकला, आणि खोकत खोकत भिंतीला टेकला. एक पॉइंट सात. चिठ्ठी घेऊन तो स्वतःच माझ्या खोलीत आला, कारण नर्स पुढच्या माणसाकडे वळली होती. मशीन नव्यानं लावलेलं होतं, नोंदी पहिल्यापासून सुरू केल्या होत्या. त्याचं नाव टाकल्यावर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: मागील नोंद आहे का? हो किंवा नाही. काही लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी 'नाही'चं बटण दाबलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"बरं," तो म्हणाला, आणि सेकंड शिफ्टला प्लँटवर गेला.